वाटेची शिदोरी



शेगावहून गजानन महाराजांची पालखी दरवर्षी आषाढीसाठी पंढरपूरला पायी जाते. वाट सुमारे महिनाभराची. परतीला खामगाव ते शेगाव या शेवटच्या टप्प्यात हजारो लोक सोबत चालतात.

आपणही लांब पायी जाणार असू, तर दोन महिने आधी रोज थोडे चालावे, अंतर हळूहळू वाढवावे. नवी चप्पल वाटेवर काढू नये. फोड आला की चालणे थांबते. भरलेली पिशवी घेऊन एकदा चालून पाहावे. पाणी, मीठ-साखर, टोपी हवीच.

प्रभू येशूने बारा शिष्यांना काठी व वहाणा घेऊ दिल्या. झोळी व दुसरा अंगरखा मात्र नाही (मार्क ६:८-९). गरजेचे ओझे पेलवते, भीतीपोटी घेतलेले जड होते. पिशवी भरताना हाच प्रश्न स्वतःला विचारू या.