आधी मोज, मग घाबर

रोहा,
ज्येष्ठ अखेर

चि. सोनू,


तुझ्या आईकडून सगळं कळलं. दिवसातून चौदा-पंधरा वेळा लघवीला जावं लागतं, रात्री दोन-तीनदा झोपमोड होते. लघवीची साधी तपासणी, साखर आणि सोनोग्राफी असे तिन्ही रिपोर्ट चांगले आले आणि डॉक्टर म्हणाले, काही नाही. त्यावर तू तोडगा काढलास तो असा, की गणपतीच्या कारखान्यात जायचं म्हटलं की दुपारपर्यंत पाण्याला शिवायचंच नाही. हे फोनवर बोलता आलं असतं, पण तुमच्या घरात फोन स्पीकरवर टाकायची पद्धत आहे. म्हणून पत्र.

पाणी तोडलंस ते आधी थांबव. पाणी कमी पडलं की लघवी दाट होते आणि दाट लघवी मूत्राशयाला जास्तच डिवचते. शिवाय बद्धकोष्ठ होतं. भरलेलं आतडं मूत्राशयावर दाबतं आणि घाई आणखी वाढते. वर मुतखड्याला आणि जंतुसंसर्गाला आमंत्रण. पत्र्याखाली, रंगाच्या वासात दिवसभर बसणाऱ्या माणसाने तर हे करूच नये. आखणीचं काम मला ठाऊक आहे. गणपतीच्या एका डोळ्याचं बुबुळ उतरलं की दुसरं त्याच दमात उतरावं लागतं, मध्येच उठलं तर नजर जुळत नाही. सीझन तोंडावर आला असताना तुझी काय घालमेल होत असेल ते मी समजू शकते. पण तहान मारून ब्रश स्थिर राहत नाही.

घरात दोन मतं आहेत म्हणे. आई म्हणते उन्हाळी लागली, धने-जिऱ्याचं पाणी आणि सब्जा घे. दादा म्हणतो टेन्शन आहे, दुसरं काही नाही. धने-जिऱ्याने अपाय नाही, खुशाल घे. पण तुला जळजळ नाही, ठणका नाही, मग उन्हाळी कसली? आणि टेन्शनने लघवीला जास्त होतं हे खरं असलं, तरी तो निकाल बाकीचं सगळं तपासून झाल्यावर द्यायचा असतो, चहा पिता पिता नाही.

माझी उभी हयात सरकारी दवाखान्याच्या लॅबमध्ये गेली. तिथे बसून एक गोष्ट पक्की कळली. "सारखं जावं लागतं" असं सांगणारे शेकडो येतात, पण किती वेळा आणि दर वेळी किती, हे सांगणारा विरळाच. डॉक्टर त्यातून काय काढणार? म्हणून तू आता एक वही कर. तीन दिवस, त्यातले दोन कामाचे आणि एक सुट्टीचा. खुणा असलेला प्लास्टिकचा मोजमग आण, तो न्हाणीघरातच ठेव. प्रत्येक वेळी तारीख, वेळ, किती मिली झाली, घाई होती का, हे लिही. काय प्यायलीस तेही लिही, चहासकट. कारखान्यात मोजणं जमणार नसेल तर तेवढी वेळ तरी टिपून ठेव. पाळीची तारीखही लिही, कारण त्या दिवसांत तक्रार वाढते का ते बघायचंय आणि त्या दिवसांतला नमुना लॅबला देऊही नये.

आता त्या आकड्यांत काय दिसतं ते सांगते. समज, दिवस-रात्र मिळून चौदा वेळा झाली आणि बेरीज आली 1400 मिली. म्हणजे दर वेळी 100. निरोगी मूत्राशयात 300 ते 500 मिली सहज मावते, म्हणजे तुझी पिशवी पुरती भरायच्या आतच ओरडतेय. इथे शोध मूत्राशयाचा घ्यायचा. पण तेच चौदा वेळांची बेरीज 3500 मिली आली तर? मग मूत्राशय बिचारं आपलं काम चोख करतंय, आत पाणीच जास्त येतंय. 24 तासांत 3 लिटरच्या वर लघवी होत असेल तर साखर, कॅल्शियम, मूत्रपिंडाची पाणी राखायची ताकद, याकडे बघावं लागतं. किंवा साधं कारण असतं, कोणीतरी मोबाइलवर सांगितलं म्हणून माणूस रोज पाच लिटर पाणी ढोसत असतो. दोन्हीकडे तक्रार एकच, वाटा मात्र अगदी वेगळ्या. एका मोजमगाने अर्धं निदान होतं, ही माझी अतिशयोक्ती नाही.

नमुना देण्याबद्दलही दोन शब्द. लोक च्यवनप्राशच्या डबीत, खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत नमुना आणायचे, त्यात साखर लागलेली असायची आणि रिपोर्टमध्ये मधुमेह निघायचा! कल्चरसाठी, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून पाहायच्या तपासणीसाठी, लॅबची निर्जंतुक डबीच घे, झाकण आयत्या वेळी उघड, आत बोट लावू नकोस. साध्या पाण्याने धुऊन पहिली धार सोडून द्यायची, मधली डबीत धरायची. तासा-दोन तासांत ती लॅबमध्ये पोचली पाहिजे. वडखळच्या नाक्यावर ट्रॅफिकमध्ये पिशवीत तापत राहिलेल्या नमुन्यात जंतू आपोआप वाढतात आणि नसलेला आजार कागदावर उमटतो. आणि मेडिकलमधून परस्पर आणलेली अँटिबायोटिकची गोळी नमुना देण्याआधी अजिबात नको. एका-दोन गोळ्यांनीही कल्चर कोरं येऊ शकतं.

मागच्या वेळी तुझी साधी तपासणी झाली, कल्चर झालंच नाही, असं आईच्या बोलण्यावरून वाटलं. ते करून घे. त्यात एक खोच आहे, ती आपल्याकडे विशेष लक्षात ठेवायची. लघवीत पू-पेशी वारंवार दिसतात, पण कल्चरमध्ये काहीच उगवत नाही, असं झालं तर मूत्रमार्गाचा टीबी नाही ना, हे पाहावं लागतं. त्यासाठी सकाळची पहिली लघवी लागोपाठ तीन दिवस देतात. तुला तो असेल असं मी म्हणत नाही. तुझ्या रिपोर्टमध्ये पू-पेशी नव्हत्या, हे चांगलंच आहे.

सोनोग्राफी चांगली आली म्हणजे मोठा खडा, गाठ दिसली नाही, इतकंच. लघवी करून आल्यावर पुन्हा पाहिलं होतं का, ते रिपोर्टमध्ये बघ. मागे किती उरली तो आकडा असतो. 50 मिलीच्या आत उरत असेल तर काळजी नाही. बरीच उरत असेल तर पिशवी रिकामीच होत नाही आणि म्हणून लगेच भरते. पण मूत्राशय अवेळी आवळतंय का, हे सोनोग्राफीला दिसत नाही. तिथे "नॉर्मल"चा अर्थ "तुला काही होत नाही" असा घ्यायचा नाही. जे शोधलं ते सापडलं नाही, एवढाच घ्यायचा.

पुढची तपासणी लागलीच तर ती कशी असते ते आधी सांगून ठेवते, म्हणजे ऐनवेळी पोटात गोळा येणार नाही. पहिली सोपी, युरोफ्लोमेट्री. भोक असलेल्या खुर्चीवर बसायचं, खाली नरसाळं, त्याखाली वजन मोजणारं यंत्र. धारेचा वेग कागदावर चढतो-उतरतो. कुठे काही टोचत नाही. फक्त पोट फुगेस्तोवर दाबून धरायचं नाही आणि अगदी थोडीशी असताना बसायचंही नाही. 150 मिलीच्या आत झाली तर तो आलेख भरवशाचा धरत नाहीत.

दुसरी युरोडायनामिक. एक बारीक नळी मूत्राशयात, एक गुदद्वारात. पहिलीतून सलाइन हळूहळू सोडतात आणि विचारत राहतात, आत्ता जाणवलं का, आता जावंसं वाटतं का, आता थांबवत नाही का. मध्ये खोकायला लावतात. शेवटी नळ्या असतानाच लघवी करायला सांगतात. दुखतं त्यापेक्षा अवघडल्यासारखंच जास्त होतं, हे खरं. सगळं मिळून अर्धा-पाऊण तास. नंतर एखादा दिवस जळजळ होते, पाणी प्यायलं की जाते, ताप आला मात्र परत जायचं. खोलीत बाई कर्मचारी असावी असं सांगायला लाजू नकोस. संसर्ग असताना ही तपासणी करत नाहीत, म्हणून कल्चर आधी.

दुर्बिणीची तपासणी म्हणजे सिस्टोस्कोपी, ती लघवीत रक्त असेल, दुखत असेल किंवा बाकी काही हाती लागत नसेल तेव्हा करतात. या सगळ्या तुला लागतीलच असं नाही, बहुतेक लागणार नाहीत. वही आणि कल्चर यांवरच तुझ्या वयाच्या पुष्कळ जणींचं काम भागतं. कोणी तपासणी लिहून दिली की विचार, "यातून काय कळणार आणि त्याने उपचार बदलणार का?" चांगला डॉक्टर या प्रश्नाने चिडत नाही.

वहीत दर वेळी थोडीथोडी अशी नोंद निघाली, तर आणखी एका सवयीकडे बघ. बाहेर पडायच्या आधी "जाऊन घेऊ", एसटीत चढायच्या आधी पुन्हा "जाऊन घेऊ". आपल्याकडच्या सगळ्या बायका हेच करतात आणि करणार तरी काय? महामार्गाचं पळस्पे ते इंदापूर चौपदरीकरण 2011 साली निघालं, त्याची रडकथा तुला नव्याने सांगायला नको. त्या रस्त्यावर बाईला जाण्याजोगं स्वच्छतागृह किती अंतरावर सापडतं, हे पेण-रोहा फेऱ्या मारणारीलाच विचारावं. त्याच 2011 साली मुंबईत 'कोरो' संस्थेच्या मुमताज शेख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'राइट टू पी' ही मोहीम उभी केली. पुरुषांना मुताऱ्या फुकट आणि बायकांकडून पैसे, हा सरळ हिशेबाचा अन्याय त्यांनी महापालिकेपुढे मांडला. लघवीचं नाव चारचौघांत घेतलं म्हणून लोक हसले, पण त्या हटल्या नाहीत. तुला तर फक्त मालकाला सांगायचंय, की कारखान्यात बायकांसाठी कडी लागणारा संडास हवा. एकटी नको, आखणीवाल्या चार-पाच जणी मिळून सांगा. सीझनमध्ये तुम्ही नसलात तर त्याचे गणपती आंधळे राहतील, हे त्यालाही कळतं.

भरायच्या आधीच जायची सवय लागली की मूत्राशयही तेवढ्यावरच घाई करायला शिकतं. ते उलटं शिकवता येतं. घाई झाली की धावत सुटायचं नाही. जागीच बस, लघवी अडवताना जे स्नायू आवळतो ते चार-पाच वेळा आवळून सोड, मनात पाढे म्हण. लाट ओसरते, मग चालत जा. दर आठवड्याला दहा-पंधरा मिनिटांनी अंतर वाढवायचं, अडीच-तीन तासांपर्यंत. आवळण्या-सोडण्याच्या या व्यायामाबद्दल अमेरिकेतल्या आर्नल्ड केगल यांनी 1948 साली लिहिलं, आजही उपचार तिथूनच सुरू होतो. दुखत असेल तर मात्र फिजिओथेरपिस्टला विचारल्याशिवाय आवळू नकोस. कारखान्यातला दर तासाचा चहा दोनवर आण. एवढ्याने भागलं नाही तर मूत्राशय शांत करणारी औषधं आहेत, ती डॉक्टर देतील.

लघवीत रक्त, थंडी वाजून ताप, कमरेच्या वर एका बाजूला कळ, लघवी अडणं, पायांत बधिरपणा किंवा वजन झपाट्याने उतरणं, यातलं एकही दिसलं तर वही पुरी व्हायची वाट पाहू नकोस, त्याच दिवशी दवाखाना गाठ.

एरवी तीन दिवसांची वही आणि जुने रिपोर्ट घेऊन पेणच्या उपजिल्हा रुग्णालयात जा. ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपर आणि तपासण्या मोफत आहेत, तेव्हा पैशांचं कारण दादाला सांगू देऊ नकोस. तिथे जे होणार नाही त्यासाठी अलिबागला जिल्हा रुग्णालय आहे. मूत्ररोगतज्ज्ञाकडे पाठवलंच तर परळच्या केईएममध्ये तो विभाग आहे, तेव्हा मी बरोबर येईन. केसपेपरची रांग सकाळी लवकर लागते, आठच्या आत पोच, आणि निघताना पाणी पिऊन निघ.

तुझी,
आत्या