मोर काढतेयस ना?

अगं, मोर आणि कमळ घेऊन मिश्र माध्यमातलं चित्र करायला घेतलंयस ना, मग एक सांगते, ऐक. फोनवरचा मोर उतरवत बसू नकोस. झाशीत राहतो आपण! राणी महालात वरच्या दरबार दालनात जा. नेवाळकरांच्या रघुनाथरावांनी अठराव्या शतकात बांधलेली वास्तू ती. तिथं भिंतींवर, छतावर फुलं, वेली, पक्षी अजून टिकून आहेत. निवांत बघ, वहीत उतरवून घे. लग्नघराच्या दारावर चितेरे काढतात ती चितेरीही बघ, तिची रेघ किती ठसठशीत असते!

आणि पिसारा शेपटीतून फुटलेला काढू नकोस हं. ती लांब पिसं पाठीकडून येतात, खरी शेपूट त्यांच्याखाली आखूड असते.

खरं पीस चिकटवायचंय? एकच लाव. त्याच्या निळ्या-हिरव्यात तसला रंग नसतोच. बारीक तंतूंच्या रचनेवर उजेड पडून तो दिसतो. फेविकॉल तंतूंत शिरला की झळाळी गेलीच समज. म्हणून थेंबभर फेविकॉल फक्त मधल्या दांडीला, वार्निश अजिबात नको. पीस आपोआप गळालेलंच हवं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं मोराला संरक्षण आहे. पिसांच्या निर्यातीलाही बंदी आहे. तेव्हा चित्र अमेरिकेतल्या मावशीला पाठवायचं असेल तर पिसाचा नादच सोड. आजीच्या विरलेल्या पैठणीचा पदर ट्रंकेत पडलाय, त्यातला बांगडी मोर कापून घे. आई काही म्हणणार नाही, मी बोलते तिच्याशी.

कमळाकडे मात्र नीट लक्ष दे. पान गोल, कुठंही चीर नसलेलं, आणि देठ त्याच्या मधोमध. चिरलेलं पान काढलंस की ती कुमुदिनी झाली. फूल पाण्यावर तरंगत नाही, देठावर चांगलं वर उभं राहतं. पाकळ्यांना हातकागद घे, कडा हातानंच फाड, कात्रीनं त्या निर्जीव दिसतात. मध्ये पूजेच्या दुकानातले चार कमळगट्टे बसव.

एवढं पुरे. त्यावर आणखी टिकल्या, आरसे, ग्लिटर चढवू नकोस, बाई. पैठणीची जर पुरेशी चमकते. फ्रेम करताना काच कापडाला टेकू देऊ नकोस, नाहीतर पावसाळ्यात ओल धरून जर काळी पडेल.