डायनो असा घ्या, जो इंजिन धरून ठेवेल

लेकरांनो, कोइंबतूरच्या कारी ट्रॅकवर फॉर्म्युला भारत या विद्यार्थ्यांच्या गाड्यांच्या स्पर्धेला उतरायचं ठरवलंत आणि त्याआधी इंजिनाची ताकद मोजणाऱ्या डायनोसाठी कॉलेजकडून पैसेही मंजूर करून आणलेत, हे फार चांगलं केलंत. आता खर्च करण्याआधी चार गोष्टी ऐका. माझी नोकरीची वर्षं पुण्यात टेस्ट सेलमध्ये गेली. आता इस्लापुरात असतो, पण इंजिनाचा आवाज कानातून गेलेला नाही.

विकणारा आधी विचारेल, इंजिन किती हॉर्सपॉवरचं? तेवढं सांगून मोकळं होऊ नका. एवढ्यावर डायनोचा ब्रेक निवडता येत नाही. टॉर्क किती आणि मिनिटाला किती फेऱ्यांना, हे सांगा. तुमचं केटीएम ३९०चं इंजिन ३७३ सीसीचं, ९००० फेऱ्यांना साधारण ३२ किलोवॅट देणारं. टॉर्क ३५च्या आसपास न्यूटन-मीटर. कॉलेजच्या लॅबमधला डायनो बहुधा १५०० फेऱ्यांच्या डिझेल इंजिनासाठी बसवलेला असतो. त्याच्या पाटीवरचे कमाल फेरे वाचल्याशिवाय त्याला हात लावू नका. शिवाय मोटारसायकलच्या इंजिनात गिअरबॉक्स आतच असतो, त्यामुळे ताकद घ्यायची ती बाहेरच्या स्प्रॉकेटवरून. क्रँकपासून तिथवर अडीच पट घट धरली, तर ९००० चे ३६०० फेरे होतात आणि ३५ चा टॉर्क ८७ च्या पुढे जातो. ब्रेक या आकड्यांना पुरला पाहिजे. हे गणित वहीत मांडा आणि विकणाऱ्याकडून त्याच्या ब्रेकचा टॉर्क-फेऱ्यांचा आलेख मागून दोन्ही एकमेकांवर ठेवून बघा.

जड ड्रमचा जडत्व डायनो स्वस्त पडतो आणि काही सेकंदांत सुंदर आलेख काढून देतो. पण तुम्हाला ईसीयूचा इंधनाचा तक्ता भरायचाय. त्यासाठी अर्ध्या थ्रॉटलला ५५०० फेऱ्यांवर, लॅम्डाचा (हवा-इंधनाच्या प्रमाणाचा) आकडा ठरेपर्यंत, इंजिन जागच्या जागी धरावं लागतं. मग ६०००, मग थ्रॉटल थोडा वाढवून पुन्हा तेच. नुसता ड्रम धरून ठेवत नाही, तो वेग घेतच जातो. म्हणून ब्रेकच घ्या.

पाण्याचा ब्रेक आटोपशीर आणि दणकट, पण फेरे निम्मे झाले की त्याची पकड पावच उरते. म्हणून फार मोठा घ्यावा, तर हलक्या भारावर तो नीट काबूत राहत नाही. एडी करंट खालच्या फेऱ्यांनाही घट्ट धरतो, बारीक नियंत्रण देतो. महाग असला तरी तुमच्या कामाला मी तोच सांगेन.

पण पाण्यातून सुटका दोन्हीकडे नाही. इंजिनाची सगळी ताकद शेवटी उष्णताच होते. ३० किलोवॅटला पाणी २० अंशांनी तापू द्यायचं म्हटलं तरी मिनिटाला एकवीस-बावीस लिटर लागतं. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या आपल्या मराठवाड्यात असं पाणी नालीत सोडायचं नाही. हजार लिटरची टाकी ठेवून तेच फिरवा. पूर्ण भारावर पाऊण तासात ती २० अंशांनी तापेल, त्यामुळे मध्ये थांबायचंच. बोअरचं क्षाराचं पाणी ब्रेकच्या वाटांमध्ये थर धरतं. आधी तपासून घ्या.

आता जिवाची गोष्ट. चालू टेस्टमध्ये लाईट गेली तर एडी करंटची पकड क्षणात सुटते, आणि इग्निशन बॅटरीवर असल्याने इंजिन मोकाट फिरायला लागतं. रिले असा जोडा की लाईट गेली की इग्निशनही बंद. शाफ्टवर लोखंडी जाळी हवी आणि शाफ्ट फिरतो त्या प्रतलात कोणी उभं राहता कामा नये. अगदी प्राचार्य बघायला आले, तरी त्यांनाही तिथून दूर उभं करा.

टॉर्क मोजणाऱ्या लोडसेलवर आंधळा विश्वास नको. अर्ध्या मीटरच्या दांड्यावर दहा किलोचं वजन टांगलं की ४९ न्यूटन-मीटर दिसलं पाहिजे. एकेक वजन चढवत आकडे लिहा, मग उतरवत लिहा. दोन्ही वेळा आकडे जुळले नाहीत तर कुठेतरी बेअरिंग अडतंय किंवा पाण्याचा पाइप ताणलाय. हे टेस्टच्या आधी आणि नंतर, रोज.

इंजिन डायनोवर चढवताना हवेच्या वाटेतला २० मिलिमीटरचा रिस्ट्रिक्टर, गाडीचाच एअरबॉक्स आणि गाडीचाच सायलेन्सर लावा. एकाच सिलिंडरचं इंजिन हवा झटक्याझटक्याने ओढतं. एअरबॉक्स बदलला की तक्ता बदलला.

आणि आकड्याशेजारी हवेचं तापमान, दाब लिहा. मे महिन्यात दुपारी ४२ अंशांची हवा २५ अंशांच्या हवेपेक्षा पाच टक्क्यांहून जास्त विरळ असते. त्या दिवशी ताकद कमी दिसली म्हणून कॅमशाफ्ट खोलत बसू नका. आधी आकडे २५ अंश आणि ९९ किलोपास्कलच्या कोरड्या हवेवर आणून मग तुलना करा.

एवढं करून पैसे अपुरे पडले, तर हलका डायनो घेऊ नका. तासावर भाड्याने मिळणारा ब्रेकचा डायनो शोधा, मोजायच्या बिंदूंची यादी घरूनच करून न्या, आणि उरलेले पैसे चांगल्या लॅम्डा सेन्सरवर घाला.