आपला ब्राउझर आपल्या पेन ड्राइव्हमध्ये



16 जून ते 15 ऑगस्ट मासेमारी बंद. याच दिवसांत आपण चांदनीहून नेपानगरला जाऊन ऑनलाइन फॉर्म भरतो. आधार, पासबुक, पासवर्ड, सगळं दुकानदाराच्या कॉम्प्युटरवर. एकदा आमच्याच हातून समितीचं लॉगिन तिथं उघडं राहिलं. मागच्या गिऱ्हाइकानं आवाज दिला म्हणून वाचलो.

त्यावर उपाय आहे. 'फायरफॉक्स पोर्टेबल' हा ब्राउझर पोर्टेबलॲप्स डॉट कॉमवर फुकट मिळतो. इन्स्टॉल करताना जागा विचारली की पेन ड्राइव्ह निवडायचा. मग विंडोजच्या कॉम्प्युटरला लावून तिथूनच चालवायचा. आपले बुकमार्क, हिस्ट्री, सेव्ह केलेले पासवर्ड पेन ड्राइव्हमध्येच राहतात. मोबाईलवर हा चालत नाही.

एवढं मात्र पाळा:

1. सेटिंग्जमध्ये प्रायमरी पासवर्ड लावा. नाहीतर पेन ड्राइव्ह ज्याला सापडेल त्याला तुमचे सगळे पासवर्ड दिसतील.
2. पावती, फॉर्म डाउनलोड करताना पेन ड्राइव्हच निवडा. दुकानात स्कॅन केलेले कागदही पुसायला लावा.
3. आधी लॉगआउट, मग ब्राउझर बंद, मग इजेक्ट. तसाच ओढला तर फाइली खराब होतात.
4. कॉम्प्युटरमध्येच व्हायरस असेल तर टाइप केलेलं चोरीला जाऊ शकतं. तिथं पेन ड्राइव्ह वाचवत नाही. म्हणून बँकेचं काम दुकानात नकोच.

ज्यांना जमत नसेल त्यांनी रिकामा पेन ड्राइव्ह घेऊन कार्यालयात यावं. आम्ही टाकून देऊ. पासवर्ड मात्र तुमचा तुम्हीच टाका, आम्हालाही सांगू नका.