माहेरी पोटाच्या कॅन्सरनं कोण गेलं, विचारून ठेव

अगं, आईजवळ निवांत बसशील तेव्हा एवढं विचार: पोटाच्या कॅन्सरनं आपल्यात कोण कोण गेलं, आणि कितव्या वर्षी? आपल्याकडे ‘पोटाचं दुखणं होतं’ म्हणून विषय मिटवतात. मुलींची लग्नं अडतील म्हणून काही घरांत तेवढंही बोलत नाहीत.

म्हणून मला न्यूझीलंडमधल्या त्या माओरी कुटुंबाचं फार मोल वाटतं. ३० वर्षांत त्यांची २५ माणसं पोटाच्या कॅन्सरनं गेली, बहुतेक ऐन उमेदीत. शापाचीही कुजबुज होती. पण घरच्यांनी लपवलं नाही. मेबेल मॅक्लाउड आणि इतरांनी पुढाकार घेतला, वंशावळ मांडली, ओटागो विद्यापीठाच्या पॅरी गिलफर्ड यांच्याबरोबर काम केलं. १९९८ साली कारण सापडलं: सीडीएच१ या जीनमधला बिघाड.

हा जीन ई-कॅधेरिन नावाचं प्रोटीन बनवतो. भिंतीतल्या विटांना चुना धरून ठेवतो, तसं ते पेशींना एकमेकींशी धरून ठेवतं. जीनच्या दोन प्रती असतात. एक जन्मतःच बिघडलेली असली तरी दुसरी सांभाळून नेते. तीही बंद पडली की पेशी सुट्या होऊन अस्तराखाली पसरतात. गाठ होत नाही, म्हणून एंडोस्कोपीतही चुकतं. त्यामुळेच असा बिघाड असलेल्या अनेकांना कॅन्सर होण्याआधीच जठर काढायचा सल्ला देतात. ऐकून अंगावर काटा येतो ना? पण जठराशिवाय माणसं जगतात. थोडं थोडं खातात, बी-१२ची इंजेक्शनं जन्मभर घेतात. बायकांना स्तनाच्या एका प्रकारच्या कॅन्सरचाही धोका असतो, तिकडेही लक्ष ठेवावं लागतं.

पण घाबरून जाऊ नकोस. पोटाचे बहुतेक कॅन्सर आनुवंशिक नसतात. कुणाच्या रिपोर्टात ‘टीपी५३ म्युटेशन’, म्हणजे टीपी५३ या दुसऱ्या एका जीनमधला बिघाड, दिसलं, तर आधी डॉक्टरांना विचार: हे कॅन्सरच्या तुकड्यात सापडलंय की रक्तात, जन्मापासूनचं? फक्त तुकड्यातलं असेल तर ते बहुधा आयुष्यात पुढे घडलेलं असतं, आणि तसं ते मुलांकडे जात नाही. जन्मापासूनचं असेल तर प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता, मुलगा असो की मुलगी. त्यात आईचा दोष नाही, बापाचाही नाही.

नात्यात दोघांना हा आजार झाला असेल, किंवा कुणाला फार तरुणपणी, तर जेनेटिक काउन्सेलरकडे जा. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये अशी सोय आहे. शक्य असेल तर आधी ज्याला आजार झालाय त्याचीच तपासणी करा. आणि निकाल काहीही येवो, भावंडांपासून लपवू नकोस.