रक्ताचा रिपोर्ट निगेटिव्ह आला तेव्हा

आईला फुप्फुसाचा कॅन्सर निघाला, त्याचं दुःख एका बाजूला. पण त्यानंतर जे झालं, ते टाळता येण्यासारखं होतं आणि मी ते टाळा म्हणून सांगत होतो, याचा राग अजून गेलेला नाही.

छातीतलं पाणी काढलं होतं, त्यातल्या पेशींचा सेल ब्लॉक लॅबमध्ये पडून होता. अॅडिनोकार्सिनोमा, आई जन्मात विडी-सिगारेटच्या वाटेला न गेलेली. अशा पेशंटमध्ये ईजीएफआर जनुकातला बदल सापडण्याची शक्यता बरीच असते आणि तो सापडला तर केमोऐवजी गोळी देता येते. ब्लॉकवरच तपासणी करा, असं मी म्हटलं. उत्तर मिळालं, "त्यात माल कमी आहे. आता रक्तातच सगळं कळतं."

लिक्विड बायोप्सीचा, म्हणजे त्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट मोबाइलवर आला. डॉक्टरांनी पहिलं पान वर सरकवलं, "निगेटिव्ह. गोळी चालणार नाही, केमो," म्हणाले आणि पुढच्या पेशंटसाठी बेल वाजवली. हे पक्कं धरायचं का, असं विचारलं तर म्हणे, "तुम्ही डॉक्टर आहात का?" भरल्या केबिनमध्ये!

केमो सुरू झाली. आईला पाणीसुद्धा पोटात ठरेना. एका रात्री तिच्या उशाशी बसून मी तो रिपोर्ट शेवटपर्यंत वाचला. शेवटच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरांत दोन ओळी होत्या. नमुन्यात ट्यूमरच्या डीएनएचं प्रमाण अत्यल्प आहे आणि निगेटिव्ह निष्कर्ष गाठीच्या तुकड्यावर तपासून घ्यावा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी जे तोंडाने सांगत होतो, ते त्यांच्याच कागदावर छापलेलं होतं.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे खरं. पण पोहऱ्यात आलं नाही म्हणजे आडात नाहीच, हे कुणी सांगितलं? गाठीतून डीएनए रक्तात झिरपतो तेव्हाच तो सापडतो. आजार छातीपुरताच असला तर तो पुष्कळदा पुरेसा झिरपत नाही. अमेरिकेत २०१६ साली ईजीएफआरच्या रक्ततपासणीला पहिली मान्यता मिळाली, तेव्हाही रक्तात बदल न दिसल्यास तुकडा तपासा, ही अट होतीच.

ब्लॉक भांडून सोडवून घेतला, दुसरीकडे पाठवला. ईजीएफआरच्या एक्झॉन १९ मधला बदल निघाला. अशा पेशंटमध्ये गोळी केमोपेक्षा आजार जास्त काळ आटोक्यात ठेवते, हे आशियातल्या आयपास अभ्यासाने २००९ मध्येच दाखवलं होतं. नवा रिपोर्ट दाखवल्यावर डॉक्टर म्हणाले, "छान, मग गोळी सुरू करू." चुकलं, हा शब्द नाही. कन्सल्टेशनची फी मात्र पुन्हा घेतली.

तेव्हा माझं ऐका:

रक्तात बदल सापडला, तर तो सहसा भरवशाचा. त्यावर उपचार सुरू करता येतात. सापडला नाही, तर तुकडा किंवा सेल ब्लॉक तपासल्याशिवाय विषय बंद करू देऊ नका.

ब्लॉक आणि स्लाइड कुठल्या लॅबमध्ये आहेत, हे लिहून ठेवा. त्या मागण्याचा तुम्हाला हक्क आहे.

लिक्विड बायोप्सीचं रक्त खास नळीत घेतात. साध्या ईडीटीए नळीत घेतलं असेल, तर काही तासांत प्लाझ्मा वेगळा व्हायला हवा. नमुना कसा जाणार, हे रक्त न्यायला येणाऱ्या मुलालाच विचारा.

कॅन्सर लवकर पकडण्यासाठी म्हणून चेकअप पॅकेजमध्ये असलेल्या सीईए या रक्ततपासणीला भुलू नका. तो सिगारेट ओढणाऱ्यांत कॅन्सर नसतानाही वाढतो आणि सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये नॉर्मल असू शकतो. त्याऐवजी जास्त धूम्रपान केलेल्यांसाठी लो-डोस सीटीबद्दल डॉक्टरांना विचारा.

धीर सोडू नका, सेकंड ओपिनियन घ्या, हे सगळे सांगतातच.

आणि केमोच्या संमतीपत्रावर सही करण्याआधी एकच प्रश्न विचारा: ईजीएफआर, एएलके, आरओएस-१ ही जनुकं तुकड्यावर तपासली का? उत्तर लेखी घ्या. डॉक्टर चिडले तरी चालेल.