ढिगाऱ्याला वारसा म्हणायचं?

प्रश्न : उत्तर फ्रान्समधल्या कोळसा खाणी बंद पडून तीस-पस्तीस वर्षं झाली, तरी त्यांतून निघालेल्या दगडांचे काळे ढिगारे तिथले लोक जपतात, असं वाचलं. ज्या खाणींनी माणसं गिळली, त्यांचा कचरा कशाला सांभाळायचा? आमच्याकडचे मातीचे ढिगारे कधी हटतात, याची आम्ही वाट पाहतो! (एक वाचक, चंद्रपूर)

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. आधी हे ढिगारे आले कुठून ते पाहू. तुमच्याकडच्या बऱ्याच खाणी उघड्या आहेत. तिथे कोळशावरची माती आणि दगड काढून बाजूला टाकतात. फ्रान्सच्या या पट्ट्यात कोळसा जमिनीखाली खोल होता. तो वर आणताना दगडही यायचा, आणि कोळसा निवडून उरलेला दगड खाणीशेजारीच ओतला जायचा. यंत्रं आली तसा दगड जास्त येऊ लागला आणि ढिगारे वाढले. लोस-आं-गोएल इथली जोडशिखरं १४० मीटरहून उंच आहेत. भोवती सपाट मुलूख, त्यामुळे गावाला टेकडी म्हणून तीच.

लोकांना खाणीचं प्रेम आहे, असं मात्र समजू नका. १० मार्च १९०६ रोजी कूरिएरच्या खाणीत स्फोट होऊन १,०९९ जण गेले. दगडाच्या धुळीने फुप्फुसं निकामी झालेले तर कितीतरी. पण घर, शाळा, दवाखाना सगळं कंपनीचंच होतं. पोलंड, इटली, मोरोक्कोहून आलेली कुटुंबं त्याच वस्त्यांत रुजली. डिसेंबर १९९० मध्ये ओन्यीची शेवटची खाण बंद झाली. तोवर बऱ्याच खाणींचे मनोरे पाडले गेले होते, कितीतरी ढिगारे रस्त्यांच्या भरावासाठी खणून नेले होते. मग आजोबांनी जन्मभर काय उपसलं, हे नातवाला दाखवायला उरणार काय? त्यातूनच ढिगारे राखण्याची मागणी पुढे आली. लोस-आं-गोएलचे तेव्हाचे महापौर झां-फ्रान्स्वा कारों यांच्या पुढाकाराने मोहीम चालली आणि २०१२ साली युनेस्कोने या पट्ट्यातली १०९ ठिकाणं जागतिक वारशात घेतली.

दुसरा गैरसमज, ढिगारा म्हणजे मेलेला दगड. त्यात थोडा कोळसा राहिलेलाच असतो. हवा लागून तो आतल्या आत धुमसतो, काही ठिकाणी वर्षानुवर्षं. शिवाय काळा दगड ऊन धरून ठेवतो. त्यामुळे थंड मुलखातही उबेत वाढणाऱ्या वनस्पती तिथे तग धरतात. अयिकूरच्या ढिगाऱ्यावर तर २०११ मध्ये द्राक्षवेली लावल्या. त्यांच्या वाइनला ‘शार्बोने’ म्हणतात. फ्रेंचमध्ये ‘शार्बों’ म्हणजे कोळसा!

तिसरा गैरसमज, खाण बंद झाली की हिशेब मिटला. खालचा कोळसा काढल्यावर वरची जमीन खचली. काही भाग इतके खाली गेले, की पाणी आपोआप नदीकडे वाहत नाही. ते पंपांनी उचलावं लागतं. पंप थांबले तर वस्त्यांत पाणी शिरेल.

म्हणजे वारसा दोन प्रकारचा आहे. ढिगारा ठेवायचा की खणून न्यायचा, यावर गावकऱ्यांना वाद घालता येतो. पंपांबाबत तशी सोय नाही. ते चालूच ठेवावे लागतात. तुमच्याकडच्या खाणी बंद होताना पहिला प्रश्न या दुसऱ्या वारशाचा विचारा : पाण्याचं आणि खचलेल्या जमिनीचं पुढे कोण पाहणार?